सुतळीचा वेढा : शोभेच्या दारूतील एक उपेक्षित हस्तकौशल्य

आकाशात फुललेले शोभेचे दारूकाम पाहताना प्रेक्षकाला रंग दिसतात, आवाज ऐकू येतो आणि क्षणभर तो स्वतःला विसरतो. ते रंग ज्या गोळ्यातून बाहेर पडले तो गोळा मात्र कोणी पाहिलेला नसतो. तो गोळा कोणीतरी हाताने बांधला होता, त्यावर सुतळीचे शेकडो फेरे ओढून घेतले होते, आणि ते फेरे सारखे पडले म्हणूनच आकाशातले फूल गोल उमलले, हे तर सहसा कोणाच्या मनातही येत नाही. या अदृश्य राहिलेल्या कौशल्याचा परिचय करून द्यावा, एवढाच या लेखाचा मर्यादित हेतू आहे.

भाषेच्या अध्यापकाने दारूकामाविषयी का बोलावे, अशी शंका श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, कोणताही कसबी व्यवसाय हा शब्दांचाही साठा असतो. व्यवसाय मिटला म्हणजे शब्द मिटतात आणि शब्द मिटले म्हणजे त्या व्यवसायाने जगाकडे पाहण्याची जी दृष्टी कमावली होती तीही मिटते. शिवाय ही व्याख्यानमाला सुरतेत होत आहे. दोरा गुंडाळण्याची विद्या ज्या शहराच्या बोटांत भिनलेली आहे, अशी शहरे भारतात फार नाहीत. रेशमाच्या दोऱ्यावर चपटी केलेली सोनेरी तार लपेटून जो जरीचा धागा होतो, त्याला आपण मराठीत कलाबतू म्हणतो. सुरतेच्या या जरीकामाला २०१० साली भौगोलिक निर्देशनाची अधिकृत मान्यता मिळाली. संक्रांत जवळ आली की याच शहरात मांजा घोटून फिरकीवर भरला जातो. खानदेशातून पोटासाठी येथे आलेल्या हजारो मराठी कुटुंबांचे आयुष्य यंत्रमागावरील ताण्याबाण्याशी जोडलेले आहे. म्हणून धाग्याचा ताण म्हणजे काय, हे येथील श्रोत्यांना मुळापासून समजावून सांगण्याची गरज नाही.

शब्दांची वाट

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘दारू’ हा शब्द फारसीतून आला आणि तेथे त्याचा मूळ अर्थ औषध असा आहे. मराठीत तो स्फोटक चूर्णालाही लागला आणि मद्यालाही. चिनी भाषेत या चूर्णाला जो शब्द आहे त्याचाही अर्थ ‘अग्नीचे औषध’ असाच होतो. परस्परांपासून एवढ्या दूरच्या भाषांनी एकाच पदार्थाला औषध म्हणावे, यात मौज आहे आणि बोधही आहे. औषधाचे सामर्थ्य मात्रेवर अवलंबून असते. मात्रा चुकली की तेच विष होते. ‘आतषबाजी’ म्हणजे अग्नीचा खेळ. हाही शब्द फारसी घराण्याचा. ‘हवई’ म्हणजे हवेत जाणारी. ‘फटाका’ हा शब्द तर आवाजाचीच नक्कल आहे. त्यांच्या शेजारी भुईनळा, भुईचक्र, चंद्रज्योत, फुलबाजा, आपटबार ही अस्सल देशी नावे उभी आहेत. परकी आणि देशी शब्दांचा एवढा सलोखा फार थोड्या व्यवसायांत आढळतो.

आपल्या विषयाचा गोळा म्हणजे ‘औट’. नळीतून वर उडणारा आणि उंचावर फुटून तारे विखुरणारा जो गोळा, त्याला महाराष्ट्राच्या दक्षिण भागात औट म्हणतात. जुन्या मराठीत ‘औट’ या शब्दाचा साडेतीन असाही अर्थ आहे. ‘औट घटकेचे राज्य’ या वाक्प्रचारात तो आजही जिवंत आहे. दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे असा दावा मी करीत नाही. पण काही क्षणांचे राज्य भोगणाऱ्या या गोळ्याला ते नाव शोभते, एवढे खरे.

राहिली सुतळी. संस्कृत ‘सूत्र’ या शब्दापासून सूत आले आणि सुताच्या कुळात सुतळी जन्मली. सुताहून जाड आणि दोरीहून बारीक अशी ही मधली पायरी. ती तागाची असते, क्वचित अंबाडीचीही. सुंभ, चऱ्हाट, दोर, सोल, कासरा अशी तिची थोरली भावंडे शेतात आणि गोठ्यात राबली. सुतळीच्या वाट्याला मात्र पुड्या बांधणे, पोत्यांची तोंडे शिवणे अशी किरकोळ कामे आली. दारूकामात मात्र मुख्य भार तीच वाहते.

इतिहासाचे काही धागे

आपल्याकडील आतषबाजीच्या इतिहासाचा पद्धतशीर शोध घेण्याचे श्रेय पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांना द्यावे लागेल. इ. स. १४०० ते १९०० या पाच शतकांतील भारतीय आतषबाजीवरील त्यांचा इंग्रजी प्रबंध १९५३ साली प्रसिद्ध झाला. सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोसा याने गुजरातेतील एका लग्नसोहळ्याचे जे वर्णन केले आहे, त्यात बार आणि बाण उडविल्याचा उल्लेख येतो, याकडे गोडे यांनी लक्ष वेधले. याच बार्बोसाने तापीच्या पलीकडच्या तीरावरील रांदेरचेही वर्णन केलेले आहे. ओडिशाचा गजपती प्रतापरुद्रदेव याच्या नावावरील ‘कौतुकचिंतामणी’ या संस्कृत ग्रंथात आतषबाजीचे प्रकार नोंदलेले आहेत, हेही त्यांनीच दाखविले. आणि मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटेल असा पुरावा म्हणजे संत एकनाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’. त्यातील विवाहसोहळ्यात दारूकामाचे वर्णन आहे. द्वापरयुगातील लग्नात सोळाव्या शतकातील पैठणचा थाट आला. कवी आपला काळ विसरत नाही तो असा.

पेशवाईतील एक प्रसंग गोडे यांनी बखरीच्या आधारे सांगितला आहे. कोटा येथील दिवाळीत दारूची लंका कशी उभारतात, रावणाची आणि राक्षसांची चित्रे दारूची करून मारुतीच्या शेपटीने ती कशी पेटवितात, याचे वर्णन महादजी शिंदे यांनी सवाई माधवरावांपुढे केले. तरुण पेशव्यांनी तसाच देखावा पुण्यात व्हावा अशी इच्छा व्यक्त केली आणि पर्वतीच्या पायथ्याशी ती लंका जळताना पुणेकरांनी पाहिली. महादजी १७९२ मध्ये पुण्यास आले आणि १७९४ मध्ये वारले, हे लक्षात घेतले म्हणजे पेशवाईच्या अखेरच्या वैभवाचे हे चित्र होते, हे ध्यानात येते.

या सर्व नोंदींत राजे आहेत, सरदार आहेत, कवी आणि प्रवासीही आहेत. ज्यांनी दारू कुटली, नळे भरले, गोळे बांधले त्यांची नावे मात्र नाहीत. आपल्या इतिहासलेखनात कसबी हाताला जे स्थान मिळाले त्याचे हे एक उदाहरण होय.

वेढ्याचे प्रयोजन

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. गोळ्यावर सुतळी का गुंडाळावयाची? निव्वळ तो सुटू नये म्हणून, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. पण कारण त्याहून खोल आहे.

दारूचा स्वभाव असा की, ती मोकळ्यावर पेटली तर भस्सकन जळून जाते. धूर होतो, ज्वाळा उठते, पण स्फोट असा होत नाही. तीच दारू बंदिस्त जागेत पेटली तर निर्माण झालेल्या वायूला बाहेर पडण्यास वाट राहत नाही, दाब वाढतो, दाबाबरोबर जळण्याचा वेगही वाढतो आणि अखेरीस कवच फुटते. म्हणजे स्फोटाचे अर्धे कारण दारूत असते आणि अर्धे कवचाच्या विरोधात. कवच दुबळे असेल तर गोळा उमलण्याऐवजी नुसता उकलतो आणि तारे जवळच गळून पडतात. कवच एका बाजूने दुबळे असेल तर सारा जोर त्या बाजूने निसटतो आणि फूल वाकडे उमलते. कवच सर्व बाजूंनी सारखे असेल तरच तारे चहूकडे समान वेगाने फेकले जातात.

असे कवच धातूचे करता येत नाही. धातूच्या चिंध्या होऊन त्या माणसांवर येतील. म्हणून ते कागदाचे करतात. कागद हलका, स्वस्त आणि फुटल्यावर त्या मानाने निरुपद्रवी. परंतु कागद फाटण्यास सोपा. येथे सुतळी मदतीला येते. तागाचा तंतू त्याच्या लांबीच्या दिशेने ओढला तर मोठा ताण सहन करतो. कागद फटी झाकतो, सुतळी ताण पेलते आणि खळ दोघांना एकजीव करते. आधुनिक अभियंते काच आणि राळ एकत्र करून जे संमिश्र पदार्थ बनवितात, त्यांचे तत्त्व याहून वेगळे नाही.

गोळ्याचा आकारही महत्त्वाचा आहे. पातळ भिंतीच्या गोलात आतून दाब पडला तर भिंतीवरील ताण सर्व दिशांना सारखा असतो. नळकांड्याचे तसे नाही. त्यात परिघाच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. बागेतील जुना रबरी पाइप फुटतो तेव्हा चीर उभी, म्हणजे लांबीच्या दिशेने पडते, याचे कारण हेच. म्हणून नळकांड्याच्या आकाराच्या गोळ्यावर आडवे फेरे अधिक दाट हवेत आणि उभे त्यामानाने विरळ चालतात; वाटोळ्या गोळ्यावर मात्र फेऱ्याची दिशा सतत बदलत राहावी लागते. कारागिराने ही गणिते पुस्तकातून शिकलेली नसतात. ती त्याच्या हातांना ठाऊक असतात.

हाताचे काम

गोळा बांधण्याची कृती पाहण्यास साधी वाटते. आजीबाई लोकरीचा गुंडा जसा करते, तसाच काहीसा हा प्रकार. एक फेरा घ्यावयाचा, गोळा किंचित फिरवावयाचा, दुसरा फेरा पहिल्याला छेदून जाईल असा टाकावयाचा. असे करीत करीत सर्व पृष्ठभागावर जाळी विणली जाते आणि तिची घरे लहान लहान होत जातात. खळीत भिजलेली सुतळी सुकताना गोळ्याला चिकटून घट्ट बसते. त्यावर पुन्हा कागद, पुन्हा खळ आणि मग सावकाश वाळवण.

यात अवघड काय आहे? अवघड आहे तो ताण सांभाळणे. शंभर फेरे घालताना पहिल्या फेऱ्याचा आणि शंभराव्याचा ताण सारखा राहिला पाहिजे. हात थकला की सुतळी सैल पडते. घाई झाली की ती एकाच पट्ट्यात दाटते आणि दुसरीकडे उघडी जागा राहते. बाहेरचा कागद चिकटविल्यावर ही चूक कोणालाच दिसत नाही. ती दिसते थेट आकाशात, आणि तेव्हा ती दुरुस्त करण्याची वेळ निघून गेलेली असते. कधीकधी ती आकाशापर्यंतही पोहोचत नाही. नळीतून वर झेपावताना गोळ्याला जो प्रचंड धक्का बसतो तो कच्च्या कवचाला सोसत नाही आणि गोळा नळीतच फुटतो. म्हणून या कामात प्रामाणिकपणा हा केवळ नैतिक गुण नव्हे, ती सुरक्षिततेची अट आहे. न दिसणाऱ्या फेऱ्याशीही इमान राखणारा कारागीर हा खरा कारागीर.

देशोदेशीची रीत

हे कौशल्य एकट्या आपले नाही. इटलीत आणि माल्टा बेटावर ग्रामदैवत म्हणावे अशा संतांच्या उत्सवांसाठी दारूकाम करणाऱ्या परंपरा आहेत. तेथील नळकांडी गोळे सुतळीने उभे-आडवे असे बांधतात की त्यावर चौकटींची नक्षी उमटते. जपानी कारागिरांनी दुसरी वाट धरली. त्यांचा गोळा पूर्ण वाटोळा, आणि त्याचे बळ प्रामुख्याने थरांवर थर चिकटविलेल्या कागदाचे. आपल्याकडे केरळातील पुरमच्या उत्सवांत ‘अमिट्ट’ नावाचा गोळा उडवितात. त्यालाही सुतळीचा वेढा असतो.

महाराष्ट्रात या परंपरेचे ठळक उदाहरण म्हणजे सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातील कवठेएकंद. तेथे दसऱ्याच्या रात्री ग्रामदैवत श्रीसिद्धराजाच्या पालखीसमोर शोभेच्या दारूचे काम होते. गावातील निरनिराळी मंडळे आपापले औट, शिंगटे, झाडे आणि चक्रे तयार करतात आणि पालखी रात्रभर त्या प्रकाशातून चालते. येथे कारागीर आणि प्रेक्षक असा भेद उरत नाही. ज्याने गोळा बांधला त्याचेच शेजारी, नातलग आणि मुले तो पाहतात. सेवा म्हणून केलेल्या कामात आणि बाजारासाठी केलेल्या कामात हाच फरक असतो.

शोभेकडून आवाजाकडे

याच वेढ्याचे दुसरे रूप आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. ते म्हणजे सुतळी बॉम्ब. हिरव्या सुतळीचा तो मुठीएवढा गड्डा दिवाळीत प्रत्येक गल्लीत फुटतो. रचनेचे तत्त्व तेच : आत दारू, भोवती कागद आणि त्यावर सुतळीचा आवळ. फरक एवढाच की, आत तारे नाहीत. औटात सुतळीने दाब राखावयाचा तो तारे दूर जावेत म्हणून. येथे दाब राखावयाचा तो केवळ आवाज मोठा व्हावा म्हणून. एकाच कौशल्यातून शोभा वजा केली की काय उरते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

हा बदल एकाएकी झाला नाही. तमिळनाडूतील शिवकाशीचे अय्या नाडार आणि षण्मुग नाडार हे दोघे १९२० च्या दशकात कलकत्त्यास जाऊन आगपेट्यांचा धंदा शिकून आले. त्यातूनच पुढे तेथे फटाक्यांचा उद्योग उभा राहिला आणि देशाची बाजारपेठ त्याने व्यापली. गावोगावचे दारूकाम करणारे मागे पडले. मागणी वाढली तशी आवाजाची चढाओढ वाढली. अखेर शासनाला मर्यादा घालावी लागली. फुटण्याच्या जागेपासून ४ मीटर अंतरावर १२५ डेसिबलहून अधिक आवाज करणाऱ्या फटाक्यांचे उत्पादन आणि विक्री यांवर १९९९ मध्ये बंदी आली. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत फटाके वाजविण्यास मनाई केली आणि २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये प्रदूषणाचा विचार करून आणखी कडक निर्बंध घातले. त्यानंतर कमी धूर करणाऱ्या फटाक्यांची सूत्रे नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केली. स्फोटकांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालयही नागपुरातच आहे.

किंमत कोण मोजतो?

येथवर कौशल्याचे गुणवर्णन झाले. पण एवढ्यावर थांबलो तर ते अर्धसत्य होईल. हा व्यवसाय माणसे खातो, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. २०१६ च्या १० एप्रिलला केरळातील पुट्टिंगल देवीच्या उत्सवात साठविलेल्या दारूला आग लागून शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. २०२५ च्या १ एप्रिलला आपल्याच गुजरातेत डीसा येथे फटाक्यांच्या ठिकाणी स्फोट होऊन २१ जणांचा बळी गेला. मृत मध्य प्रदेशातून मजुरीसाठी आलेले होते. ज्या कवठेएकंदचा वर गौरवाने उल्लेख केला, त्या गावातही २०१५ च्या मे महिन्यात फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट होऊन अनेक कामगार दगावले.

डीसाच्या त्या मजुरांचा विचार सुरतेने विशेष करावा. कारण हे शहरही दूरदूरच्या मजुरांच्या हातांवर उभे आहे. घर सोडून आलेला माणूस कामाची जोखीम विचारत नाही. त्याला रोज किती मिळणार एवढेच विचारता येते. ज्या गोळ्याचा प्रत्येक फेरा इमानाने घालावा लागतो, तो नगावर मजुरी घेणाऱ्या, न शिकविलेल्या, दाटीवाटीने बसविलेल्या माणसांकडून करवून घेणे हा कौशल्याचाही अपमान आहे आणि माणसाचाही.

मग ही विद्या बुडू द्यावी काय? एक पक्ष म्हणतो, होय; धूर, आवाज आणि मृत्यू यांपुढे परंपरेचे कौतुक टिकत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, पूर्वजांनी केले ते आम्ही का सोडावे? मला दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. पहिली भूमिका दुःखातून आलेली असल्याने आदरास पात्र आहे, पण ती औट आणि सुतळी बॉम्ब यांत भेद करीत नाही. दुसरी भूमिका पूर्वजांचे नाव घेते, पण पूर्वजांचा संयम विसरते. जुने दारूकाम हे वर्षातून एखाद्या रात्री, एका ठिकाणी, जाणत्या माणसांच्या हातून, साऱ्या गावासाठी होत असे. घरोघरी, गल्लोगल्ली, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत चालणारी धडधड ही परंपरा नव्हे. ती बाजाराची सवय आहे.

म्हणून माझे मत असे आहे की, ही कला टिकावी ती सार्वजनिक, परवानाधारक आणि मोजक्या सोहळ्यांपुरती. ती करणाऱ्यांना रीतसर शिक्षण, मोकळी जागा, विमा आणि योग्य मोबदला मिळावा. मुलांना या कामापासून पूर्णपणे दूर ठेवावे आणि हौसेने घरी गोळे बांधण्याचा मोह कोणीही धरू नये. ज्या वृद्ध कारागिरांना हे काम येते, त्यांचे शब्द, त्यांच्या हातांच्या हालचाली, फेऱ्यांचे क्रम यांची नोंद त्यांच्या हयातीतच व्हावी. शाळा-महाविद्यालयांतील भाषेच्या विद्यार्थ्यांना हे काम निश्चित करता येईल. त्यासाठी दारूला हात लावण्याची गरज नाही. वही, लेखणी आणि ऐकून घेण्याची तयारी पुरेशी आहे.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण आपण हट्टी माणसाला उद्देशून वापरतो आणि तीत निंदेचा सूर असतो. या विषयाचा अभ्यास करताना मात्र तिचा एक चांगला अर्थही मला जाणवला. गोळा फुटतो, कागदाची राख होते, सुतळी जळून जाते. पण ती ज्या शिस्तीने वळली गेली, ज्या ताणाने ओढली गेली, त्याचा आकार क्षणभर आकाशात उभा राहतो. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचेही काम असेच न दिसणारे होते. त्यांनी घातलेले वेढे आज कोणाच्या डोळ्यांपुढे नाहीत. येथे जमलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या आयुष्याला जो घाट आला, त्यात ते शोधावे लागतात.